पाच दिवसांचा रोल, तीन दिवसांचं काम: मालिकेत काम मिळवण्याचं एक प्रकरण

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावातल्या सहा-सात जणांनी मला एकच गोष्ट विचारली. "बाई, मालिकेत काम करायचं तर कोणाला भेटायचं?" मी शाळेतून निवृत्त झाले आणि देवळाच्या उत्सवातली नाटकं बसवते, म्हणून लोक माझ्याकडे येतात. ज्या एका माणसाचा सगळा प्रवास मी सुरुवातीपासून जवळून पाहिला, त्याचं प्रकरण इथे लिहिते आहे. त्याला विचारून लिहिते आहे. नाव देत नाही.

तो गोव्यातल्या माशेलच्या बाजूचा, वय ३८. कुंडई औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर आहे, तीन पाळ्यांचं काम. लहानपणी माझा विद्यार्थी होता. पंधरा वर्षं जत्रेच्या नाटकांत उभा राहतो आहे. कला अकादमीच्या 'ब' गट मराठी नाट्यस्पर्धेतही आमच्या मंडळातून दोनदा उतरला. अंगाने भरलेला, जाड मिशी, खर्जातला आवाज. सावकार, हवालदार, भटजी, मुलीचा बाप या भूमिका त्याच्या ठरलेल्या. घरी कोंकणी आणि रंगमंचावर मराठी, जशी इथल्या बहुतेक नाटकवाल्यांची असते.

मालिकेचं डोक्यात शिरलं ते २०२१ साली. त्या एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि मुंबईची युनिटं गोव्याकडे, हैदराबादकडे, दमणकडे निघाली. गोव्यातलं ते पर्व फार टिकलं नाही. इथे रुग्ण वाढले, लोकांचा विरोध झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गोवा मनोरंजन सोसायटीने परवानग्या रद्द केल्या. पण तेवढ्या दिवसांत इथल्या कितीतरी माणसांना युनिट कसं चालतं ते दिसलं. याचा मेव्हणा एका सेटवर जेवण पोचवायला जायचा. त्याने घरी येऊन सांगितलं, की मोठे कलाकार मुंबईहून येतात, पण लग्नाचे पाहुणे, बाजारातली गर्दी, देवळातले भाविक इथलेच घेतात. हे खरंच आहे. पन्नास माणसं मुंबईहून आणायची तर त्यांचं राहणं, जेवण, प्रवास सगळं निर्मात्याच्या अंगावर येतं.

पहिलं पाऊल चुकीचं पडलं. पणजीतल्या एका हॉटेलात 'ऑडिशन' असल्याची जाहिरात त्याने फोनवर पाहिली आणि मला न विचारता गेला. तिथे त्याची पाच मिनिटांची मुलाखत घेतली, 'तुमच्या चेहऱ्यात दम आहे' म्हणाले आणि पोर्टफोलिओ व आर्टिस्ट कार्ड यांचे मिळून ८,५०० रुपये घेतले. त्याबदल्यात चाळीस फोटो मिळाले. कोट घातलेला, गॉगल लावलेला, हनुवटीवर हात ठेवलेला. माशेलच्या बाजारात असा माणूस मी कधी पाहिलेला नाही आणि मालिकेच्या गर्दीतही असा माणूस कोणाला नको असतो. दोन महिन्यांनी त्याच लोकांचा फोन आला, 'चॅनल रजिस्ट्रेशन'चे १५,००० ऑनलाइन भरा. तेव्हा मात्र तो माझ्याकडे आला आणि ते पैसे वाचले. ज्या कामाचे पैसे आपल्याला मिळायचे, त्यासाठी आपण आधी पैसे भरायचे नसतात, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. ऑनलाइन पैसे गेलेच, तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार करायची, उद्यावर टाकायचं नाही. आणि ते कार्ड? पुढे जेवढं काम मिळालं, त्यात एकदाही कोणी कार्ड विचारलं नाही.

खरी वाट मेव्हण्याच्या ओळखीतूनच निघाली. फोंड्यातला एक गृहस्थ बाहेरून आलेल्या युनिटना गाड्या, जनरेटर, घरं आणि माणसं पुरवतो. माणसं पुरवणाऱ्याला इथे को-ऑर्डिनेटर म्हणतात. त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर निरोप येतो: 'परवा पुरुष ३५ ते ५०, गावठी लूक, दहा जण, सकाळी सात, स्वतःचं धोतर असल्यास बरं.' त्यात नाव टाकायचं तर चार साधे फोटो आणि एक व्हिडिओ लागतो.

तो व्हिडिओ आम्ही माझ्या पडवीत काढला. पांढरी भिंत, खिडकीचा उजेड समोरून, फोन आडवा. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, गाव, कोणत्या भाषा येतात. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. नंतर एक छोटा उतारा. तिथे आम्ही अडकलो. त्याने आमच्या नाटकातला सावकाराचा प्रवेश म्हटला, अगदी मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल अशा आवाजात. फोन चार फुटांवर होता. पंधरा वर्षांत त्याला कोणी हळू बोल म्हणून सांगितलेलं नव्हतं आणि त्याला हळू बोलता येतच नव्हतं. हळू म्हटलं, की वाक्यातला जीवच जायचा. शेवटी मी म्हटलं, "सावकार सोड. कारखान्यातून येताना मासळीबाजारात बांगड्यांचा दर विचारतोस ना, तसं मला विचार." त्याने विचारलं. मी जास्त दर सांगितला. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, मिशीखालून किंचित हसला आणि म्हणाला, "बाई, राहू दे, वालीची भाजी करू." तेच आम्ही पाठवलं. नाटकवाल्यांना कॅमेऱ्याची सवय नसते म्हणतात, पण माझ्या मते सवय असते. रोजच्या जगण्यात ती असते, फक्त नाटकाच्या आवाजाखाली दबलेली असते.

भाषेच्या बाबतीत तो खरं बोलला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. को-ऑर्डिनेटरने विचारलं, मालवणी येते का? पलीकडे सिंधुदुर्गात चित्रीकरणं चालतात आणि मालवणी बोलणाऱ्यांना मागणी असते. इथले बरेच जण बेधडक 'येते' म्हणतात, कारण समजते. पण 'मला हवं' याला आपण 'म्हाका जाय' म्हणतो आणि ते 'माका व्हया' म्हणतात. घाईत तोंडून आपलंच येतं. तो म्हणाला, "समजते, पण बोलताना कोंकणी मिसळेल. शुद्ध मराठी मात्र पाठ करून नीट म्हणतो." को-ऑर्डिनेटरने तसंच लिहून घेतलं.

पहिलं काम सहा आठवड्यांनी आलं. पर्वरीजवळच्या एका सभागृहात लग्नाचा सीन, दोन दिवस, पाहुणा म्हणून. कॉल टाइम, म्हणजे हजर राहायची वेळ, सकाळी सातचा, पहिला शॉट साडेअकराला, पॅकअप रात्री आठला. दिवसाचे १,२०० रुपये, रोख, को-ऑर्डिनेटरने आपला हिस्सा आधीच कापून दिलेले. चहा, नाश्ता, जेवण युनिटचं. काम म्हणजे बसणं, उठणं, अक्षता टाकणं आणि आवाज न करता बोलल्यासारखं करणं.

त्या लग्नासाठी मुलंही हवी होती आणि याला विचारलं, तुमची मुलगी आणता का? मुलगी नऊ वर्षांची. इथे मात्र मी मध्ये पडले. चौदा वर्षांखालच्या मुलांना मालिकेत काम करता येतं, पण त्याला नियम आहेत. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्याच नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. मी त्याला म्हटलं, परवानगीचा कागद आहे का, एवढंच विचार. उत्तर आलं, "एका दिवसासाठी कोण कागद करतो?" मुलगी शाळेत गेली. चाळीस वर्षं मुलांमध्ये घालवल्यावर या बाबतीत मी तडजोड करू शकत नाही. रात्री आठपर्यंत जरीच्या परकरात झोपेला आलेली पोरं त्याने त्या सभागृहात पाहिली.

त्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. गर्दीतून चालत जाण्याचा शॉट आठ-नऊ वेळा झाला. इतर माणसं दर वेळी वेगळीकडे वळत, कोणी लवकर निघे, कोणी कॅमेऱ्याकडे बघे. हा दर वेळी नवऱ्याच्या मामाच्या त्याच शब्दाला निघाला, त्याच खांबाशी थांबला. आमच्या नाटकात दिव्याच्या उजेडातली जागा सोडली तर माणूस अंधारात जातो, म्हणून ही शिस्त अंगात मुरलेली. असिस्टंट डिरेक्टर मुलीने, तिला सगळे एडी म्हणतात, हे टिपलं. जाताना तिने त्याचा मिशीसकट फोटो काढला.

बारा दिवसांनी फोन आला. देवळाबाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराचा बोलणारा रोल. साधारण पाच दिवसांचं काम, महिनाभरात विखुरलेलं. दिवसाला ३,५००, बँकेत जमा होणार, तेही नव्वद दिवसांनी. हा नव्वद दिवसांचा नियम मालिकांच्या धंद्यात सगळीकडे चालतो. जे आजच्या कमाईवर उद्याची चूल पेटवतात त्यांनी हे नीट समजून घ्यावं.

त्याचा पहिला दिवस त्याने मला इतक्या वेळा सांगितला आहे, की मी स्वतः तिथे असल्यासारखं वाटतं. दुकानाच्या फळीवर नारळ, खण, अगरबत्त्या आणि केळीच्या पानावर अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे. नायिकेची सासू येते, नारळ मागते. याचं वाक्य: "घ्या माई, देवीच्या नावाने देतो, पाणीदार आहे." मास्टर शॉटमध्ये, म्हणजे दुरून घेतलेल्या अख्ख्या सीनमध्ये, त्याने नारळ उजव्या हाताने उचलला, कानाशी हलवला आणि 'पाणीदार' या शब्दावर ताटात ठेवला. कानाशी हलवणं कोणी सांगितलेलं नव्हतं, ते त्याचं स्वतःचं. दिग्दर्शकाला आवडलं. मग कॅमेरा जवळ आला आणि तेच सगळं पुन्हा. या वेळी नारळ डाव्या हातात आला आणि 'देवीच्या' शब्दालाच खाली गेला. कट. एडीने फोनवरचा फोटो दाखवला. फोटोत नारळ उजव्या हातात, फातींची संख्या सात. समोर आता सहा होत्या, कारण मध्ये कोणीतरी एक फात डोक्यात माळली होती. नवीन फात येईपर्यंत सगळं युनिट थांबलं. नाटकात चुकलं तर पुढच्या वाक्याने सावरून घेता येतं. इथे मागचा शॉट चित्रित झालेला असतो आणि पुढच्या प्रत्येक शॉटला त्याच्याशी जुळावं लागतं. कन्टिन्यूटी हा शब्द तो त्या दिवशी शिकला.

या शब्दाचा मोठा अर्थ पुढे कळला. हात, नारळ, फाती जुळवणं सोपं, कारण ते सेटवर जुळवतात. माणूस जुळवणं कठीण. आज चित्रित झालेल्या सीनचा पुढचा भाग दहा दिवसांनी होतो, त्याच्या मागचा पंधरा दिवसांनी. तारखा सहसा आधी सांगत नाहीत, आणि त्याचं कारण आहे. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. आकडे पाहून कथेतला एखादा ट्रॅक वाढतो किंवा आवरतो, सीन पुन्हा लिहिले जातात. मुख्य कलाकाराच्या तारखा, देवळाची परवानगी, पाऊस, सगळ्यांच्या मध्ये दुकानदाराचा दिवस बसवायचा असतो. बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी सात वाजता 'उद्या या' असा फोन येतो. मालिकेला तोच माणूस, त्याच मिशीने, त्याच केसांनी, हाक मारली की हवा असतो. अभिनय बरा असेल तर रोल मिळतो, पण दिवस देता आले तरच तो टिकतो.

याच्याकडे दिवस नव्हते. पहिले तीन दिवस त्याने पाळ्या बदलून काढले. एकदा रात्रपाळी करून कपडे बदलले आणि थेट सेटवर. सुपरवायझर ओळखीचा, तरी तिसऱ्या वेळी त्याचा चेहरा उतरला होता.

आणि मग एका सोमवारी पहाटे त्याचे काका गेले. काकांना मूलबाळ नव्हतं, याला मुलासारखं वाढवलं होतं. अग्नी यानेच दिला. चौथा दिवस शुक्रवारी ठरलेला होता, देवळाच्या प्रांगणात. पाचव्याची तारीख नव्हती. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि पायरीवरच बसला. सुतकात आत यायचं नाही म्हणून पायरीवर. म्हणाला, "बाई, दहाव्याला क्षौर आहे. मिशी जाणार. शुक्रवारी मात्र असेल. तिथे कोणाला काही कळणार नाही."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. शुक्रवारी गुपचूप जाऊन ३,५०० कमवता आले असते. पण सुतकात देवळात पाय ठेवायचा हे त्यालाच झोंबत होतं आणि दहाव्यानंतर पाचवा दिवस अर्धाच लटकला असता. कोणी म्हणेल काळ बदलला, मिशी ठेवावी. काकांसाठी ती काढायची हे त्याने स्मशानातच ठरवलं होतं. त्यात मी किंवा मालिका बोलणारे कोण? मी एवढंच म्हटलं, "जे आहे ते आत्ता सांग. उद्या सकाळी नको, आत्ता."

त्याने माझ्या पायरीवरून फोन लावला. आठ वाजले होते. एडी म्हणाली, "दादा, तुम्ही घरचं बघा, मी इकडे बघते." अकरा वाजता तिचा मेसेज आला: शुक्रवार रद्द, पुढचं नंतर कळवते. पुढचं कधी आलं नाही. चिकटवायच्या मिशीचा विचार झाला होता म्हणे, पण क्लोजअपमध्ये ती ओळखू येते आणि आधीच्या तीन दिवसांच्या खऱ्या मिशीशी जुळत नाही. मालिकेत दुकानदार माल आणायला कोल्हापूरला गेला आणि गल्ल्यावर त्याची बायको आली. ती भूमिका सावंतवाडीच्या एका बाईंनी केली. आमच्या माणसाचं तेराव्याचं जेवण झालं, त्या आठवड्यात तो भाग लागला. घरात सगळ्यांनी मिळून पाहिला आणि कोणी काही बोललं नाही.

दोन दिवसांचे सात हजार गेले. निर्मात्याची यात चूक आहे असं मला वाटत नाही. रोज एक भाग द्यायचा तर कोणासाठी थांबता येत नाही. पण एक गोष्ट मला आजही लागते. 'पाच दिवस' हे फक्त तोंडी बोलणं होतं. किती दिवस, दिवसाला किती, पैसे कधी, आणि ठरलेला दिवस रद्द झाला तर काय, एवढ्या चार ओळी मेसेजवर मागून घ्यायला मी त्याला सांगायला हवं होतं. मागितल्याने काम जात नाही. पुढच्या वेळी त्याने मागितल्या आणि मिळाल्या.

पैसे मात्र आले. तीन दिवसांचे १०,५००, त्यातून १० टक्के टीडीएस कापून ९,४५०, सत्त्याण्णवाव्या दिवशी, दोनदा आठवण करून दिल्यावर. कापलेला कर त्याच्या पॅनवर दिसतो आणि विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरला जातो. प्रत्येक दिवसाचा कॉल टाइम, पॅकअप आणि ठरलेली रक्कम तो एका वहीत लिहितो. आठवण करून देताना ती वही कामी आली, कारण पलीकडे दोनच दिवसांची नोंद होती.

पाच महिन्यांनी त्याच एडीने दुसऱ्या एका निर्मितीसाठी को-ऑर्डिनेटरला फोन केला आणि 'तो नारळवाला दादा' मागितला. पोस्टमनचं काम, एकच दिवस. ते त्याने साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केलं. त्यानंतर असे एकेक दिवसाचे तीन रोल झाले.

या वर्षी चतुर्थीनंतर मोठी विचारणा आली. नायकाच्या घरातला जुना गडी, बारा दिवसांचं काम, दोन महिन्यांत पसरलेलं, संवादही भरपूर. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तोच रोल. तो वही घेऊन माझ्याकडे आला. रजा मोजल्या. सात उरल्या होत्या, त्यांतल्या दोन काकांच्या वर्षश्राद्धाला लागणार होत्या. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग त्याने स्वतःच को-ऑर्डिनेटरला कळवलं, की मला जमणार नाही, पण आमच्या मंडळात एक काका आहेत.

ते काका म्हणजे कदंबचे, गोव्याच्या सरकारी बससेवेचे, निवृत्त चालक. पंचवीस वर्षं म्हापसा-फोंडा मार्गावर गाडी चालवली, आमच्या नाटकात राजाचा प्रधान करतात, आणि आता सगळे दिवस त्यांचेच. त्यांचा व्हिडिओही माझ्याच पडवीत काढला, या वेळी फोन त्याने धरला होता. निवड झाली. पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री काका मला विचारायला आले, "बाई, केस कापून जाऊ? दोन महिने कापलेले नाहीत." मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "काका, कात्री लावू नका. एडीला आत्ता फोन करून विचारा, आणि ती जसे ठेवा म्हणेल, तसे शेवटच्या दिवसापर्यंत ठेवा."